सात-बाऱ्यावर नसलेली आजी

१९३० सालच्या २५ सप्टेंबरला उरण परिसरातल्या चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली हजारो माणसं जमली. जंगलचा कायदा मोडायचा आणि पोलिसांनी धरलं तर निमूट तुरुंगात जायचं, एवढाच बेत होता. मिठाचा सत्याग्रह त्याच वर्षीचा; त्याच्या पाठोपाठ कुलाबा जिल्ह्यात जंगल सत्याग्रह पेटला होता. इथल्या शेतकऱ्याला जंगल लागायचं ते भाताच्या राबासाठी, चुलीतल्या सरपणासाठी आणि गुरांच्या चाऱ्यासाठी. या तिन्हींवर राखीव जंगलाची बंधनं आली होती. त्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि आठ सत्याग्रही गेले. धाकू फोफेरकर आणि नाग्या कातकरी चिरनेरचे, आलू म्हात्रे दिघोड्याचे. बाकीचे कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे आणि खोपटे या गावांचे. सरकारी बाजूचे मामलेदार जोशी हेही तिथेच मारले गेले. दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकाशी हुतात्म्यांना शासकीय मानवंदना दिली जाते.

आठही नावं पुरुषांची आहेत. जंगलातून मोळी मात्र बाईच्या डोक्यावरून यायची. कायद्याचा चिमटा आधी तिला बसला होता, आणि गोळीबारानंतर अटका-खटल्यांच्या दिवसांत घरं चालवली तीही तिनेच. स्मारकावर हे लिहिलेलं नाही, कारण घर चालवल्याबद्दल कुणाचं स्मारक होत नाही.

त्या वर्षी उरणच्या एखाद्या गावात जन्मलेली मुलगी जगली-वाचली असेल, तर २०२४ साली ती ९४ वर्षांची झाली. या लेखातली आजी अशी आहे. ती कुणी एक बाई नाही. जासई, चिर्ले, पागोटे, शेवा, करंजा, कुठल्याही गावातल्या जुन्या घरात ती भेटेल किंवा परवापरवापर्यंत भेटत होती. तिला मी नाव देणार नाही. तिचं नाव कागदावर कसं आलं नाही, हेच तर सांगायचं आहे.

तिचा जन्म झाला तेव्हा हिंदुस्थानातलं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं. मुलीचं लग्न चौदाच्या आत करू नये, असं सांगणारा शारदा कायदा त्याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाला होता. गावात तो कुणाच्या गावीही नव्हता. जन्मदाखला तर नव्हताच. ‘चिरनेरच्या गोळीबाराच्या सालची’, एवढीच वयाची खूण. म्हणजे सरासरीच्या तिप्पट ती जगली, आणि त्या आयुष्याची सुरुवात कुठल्याच दप्तरात नोंदलेली नाही.

खारेपाटातला दिवस

उरण हे मूळचं पाण्यातलं गाव. एका बाजूला मुंबई बंदराची खाडी, दुसऱ्या बाजूला करंजाची, मधे द्रोणागिरीचा डोंगर आणि भोवती खाजणं. समुद्राला बांध घालून मागे सारलेल्या जमिनीवर, म्हणजेच खारेपाटात, पावसाळ्यात भात पिकायचं आणि उन्हाळ्यात मिठागरं चालायची. इथल्या घराचं पोट या दोन कामांवर भरायचं.

खारेपाटातली शेती एकट्यादुकट्याची नव्हती. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरायचं आणि पुढची काही वर्षं जमीन नासायची. म्हणून खांड गेल्याची हाक आली, की रात्र असो वा पाऊस, सगळं गाव बाहेर पडायचं. पुरुष चिखल कापायचे, बायका तो पाटीतून वाहायच्या. लावणीत दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं. कापणीत पुन्हा तसंच वाकणं. भात घरात आलं तरी काम संपत नसे. ते उकडायचं, वाळवायचं, कांडायचं, मग कुठे तांदळाची भाकरी.

दिवाळीनंतर मिठागरांची तयारी सुरू व्हायची. भरतीचं पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचं, उन्हाने आटू द्यायचं, खाली बसलेलं मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या. राशीपर्यंत आणि राशीपासून गाडी-गलबतापर्यंत मिठाच्या टोपल्या बायकांच्या डोक्यावरून जायच्या. खारट पाण्याने पायांना भेगा पडायच्या. संध्याकाळी परतताना त्याच पायांनी खाडीत उतरून चिंबोऱ्या, निवट्या, खुबे, जे मिळेल ते पदरात बांधून आणायचं. रात्रीचं कालवण त्यातून व्हायचं. जास्त मिळालं तर सकाळी टोपली डोक्यावर घेऊन उरणच्या बाजाराची वाट धरायची आणि येताना तेल, गूळ, मुलांसाठी दोन पैशांचं काहीतरी आणायचं.

या मिळकतीचा हिशेब कुणी ठेवला नाही. भाताचा हिशेब खोताच्या, सावकाराच्या वहीत होता. मिठाचा मिठागराच्या मालकाच्या आणि सरकारच्या. चिंबोऱ्यांचा हिशेब आजीच्या कनवटीला. पुढे जमीन गेली तेव्हा पहिल्या दोन वह्या कामी आल्या. तिसरीची चौकशीसुद्धा झाली नाही.

तिचं बालपण सरलं ते शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या संपाच्या बातम्या ऐकत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन पडीक ठेवली. देशातल्या सगळ्यात लांब चाललेल्या शेतकरी संपांत त्याची गणना होते. कुळकायदे झाले, १९५७ साली कसणारा मालक ठरू लागला, त्यामागे या संपाचं मोठं बळ होतं. कुळाची जमीन मालकीची झाली आणि सात-बाऱ्यावर नवऱ्याचं नाव चढलं. कसणाऱ्याची जमीन खरी. पण लावणीत वाकलेल्या बाईला ‘कसणारी’ म्हणायचं तलाठ्याला सुचलं नाही, आणि तिलाही नाही.

घरातलं पंचांग

शाळेत न गेलेल्या या बाईकडे काळाचा हिशेब मात्र चोख होता. कुणाचा जन्म कधीचा, कुणाचं लग्न कधी झालं, कुठली म्हैस कुठल्या साली घेतली, हे घरातले सगळे तिलाच विचारायचे. तिच्या पंचांगात सालांचे आकडे नव्हते, घटना होत्या. त्यातली मोठी घटना ‘रामदास’.

१७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. रेवस म्हणजे करंजाच्या समोरचाच किनारा, मधे फक्त धरमतरची खाडी. मुंबईत कामाला असलेली, अवसेच्या सणाला घरी निघालेली माणसं होती ती. देश स्वतंत्र व्हायला महिनाही उरला नव्हता. या किनाऱ्यावरच्या घरांत स्वातंत्र्याच्या आठवणीवर त्या बोटीची सावली पडलेली आहे. उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच आजही जाते. पावसाळ्यात घरचं माणूस लाँचने जाणार म्हटलं, की जुन्या बायका आभाळाकडे बघतात. हे बघणं १९४७ चं आहे.

तिच्या एकविसाव्या वर्षी पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मताचा अधिकार तेव्हा वयाची एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना मिळायचा. त्या निवडणुकीच्या याद्या करताना देशात एक विलक्षण अडचण आली होती. लाखो बायका स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद करायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळल्या. त्यांतल्या बहुतेक उत्तर भारतातल्या होत्या. आपल्याकडे नाव सांगितलं गेलं, मत पेटीत पडलं. तरी गावात तिला हाक पडायची ती थोरल्या मुलाच्या नावाने, अमक्याची आय म्हणून.

एका ठिकाणी मात्र तिच्या शब्दावाचून काही हलत नसे. आगरी घरातलं लग्न. तिथे धवलारीण लागते. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचे धवले तिला तोंडपाठ असतात आणि ती म्हणेल तेव्हा ते विधी होतात. भटजीच्या जागी एक बाई बसून लग्न लावते, ही गोष्ट या किनाऱ्यावर जुनी आणि सर्वमान्य आहे. धवलारीण नसलेल्या आजीलाही तिच्यामागे सूर धरता यायचा. सासरची, माहेरची, दोन्हीकडची माणसं, देणी-घेणी, रुसवे-फुगवे या सगळ्यांचा निवाडा मांडवात व्हायचा आणि तो म्हाताऱ्या बायकाच करायच्या. जमिनीच्या कागदावर ती नव्हती. नात्यांच्या कारभारात शेवटचा अंगठा तिचा होता.

नोटिसा

१७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा भार हलका करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवायचं होतं. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. आजी तेव्हा चाळिशीची. मुलं हाताशी आली होती, सुना येऊ लागल्या होत्या. संसाराला जरा बरे दिवस येतील, असं वाटण्याचं ते वय.

नोटिसा आल्या त्या पुरुषांच्या नावाने. त्यांच्या पाठोपाठ एकेक प्रकल्प उरणमध्ये उतरला. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात तेल सापडलं होतं. त्यासाठी ओएनजीसीचा प्रकल्प उरणच्या किनाऱ्यावर उभा राहिला. १९८२ पासून बोकडविऱ्याला वायूवर वीज तयार होऊ लागली. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने गाव न सोडता नव्या जिल्ह्यात प्रवेश केला. आणि मग न्हावा-शेव्याच्या बंदराचं ठरलं.

जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न सरकारने लोकांना विचारला नव्हता. किती मोबदल्यात, एवढाच वाद उरला होता. तो वाद ज्यांनी लढवला ते जासईचे दि. बा. पाटील. १९२६ चा जन्म, म्हणजे आजीच्याच पिढीचे. शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, पाच वेळा आमदार, दोनदा खासदार. जमिनीला वाजवी भाव द्या आणि घेतलेल्या जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा विकसित करून शेतकऱ्याला परत द्या, ही त्यांची मागणी होती.

१६ जानेवारी १९८४ ला दास्तान फाट्यावर पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या. चिर्ल्याचे नामदेव घरत आणि धुतूमचे रघुनाथ ठाकूर गेले. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, नवघरजवळ पुन्हा गोळीबार झाला आणि पागोट्याचे तिघे गेले: केशव पाटील, महादेव पाटील, कमळाकर तांडेल. या आंदोलनात बायका मोठ्या संख्येने उतरल्या होत्या. ज्या बायकांनी रात्री-बेरात्री बांधाच्या खांडी बुजवल्या होत्या, त्यांना रस्त्यावर येण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. आजी तेव्हा चोपन्नाची. तिच्या पंचांगात आता दोन गोळीबार झाले, एक जन्माचा आणि एक उतारवयाचा. पहिला परक्या सरकारचा होता, दुसरा आपल्या.

साडेबारा टक्क्यांचं तत्त्व त्या पाच जणांच्या रक्तातून पुढे आलं. १९९० साली सिडको क्षेत्रासाठी त्याची योजना निघाली आणि पुढे जमीन संपादनाच्या चर्चेत देशभर तिचा दाखला दिला जाऊ लागला. हिशेब असा: चाळीस गुंठ्यांचा एकर गेला तर पाच गुंठे परत, आणि त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही वजा. न्हावा-शेवा बंदराच्या जमिनीपुरता हा हिस्सा कागदावर यायला तर आणखी दोन दशकं लागली. १६ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांच्या हस्ते बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना इरादापत्रं देण्यात आली. संघर्ष केला त्या पिढीतली कितीतरी माणसं तोवर गेली होती.

शेव्याचं गाव, वाळवीची घरं

२६ मे १९८९ ला न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. त्यासाठी मूळ शेवा गाव उठवावं लागलं. शेतकऱ्यांचं नवीन शेवा झालं, कोळ्यांचा हनुमान कोळीवाडा झाला. कोळीवाड्याच्या नव्या जागेला वाळवी लागली. दारं, वासे, कपाटं, भांड्यांच्या फळ्या, सगळं आतून पोखरलं गेलं. पुन्हा नीट पुनर्वसन करा, ही त्या गावाची मागणी काही दशकं चालली. कधी निवेदनं, कधी उपोषणं, कधी समुद्रात होड्या नेऊन जहाजांचा मार्ग अडवणं.

वाळवीचं दुःख कुणाचं, हे विचारावं लागत नाही. पुरुष दिवसभर बाहेर असतो. दर सकाळी भिंतीवरचा मातीचा माग झाडणारी, धान्याची कोठी हलवणारी, पावसाळ्याआधी वाशांना हात लावून बघणारी घरातली बाई असते. कोळणीचा आणखी एक तोटा होता. ज्या खाडीकाठावर चालत जाऊन ती मासळी गोळा करायची, तो काठ भराव घालून बंदराच्या कुंपणाआड गेला. होडीचा आणि जाळ्याचा प्रश्न कधीतरी सरकारदरबारी मांडला गेला. पायी मासेमारी करणाऱ्या बाईचं नुकसान मोजण्यासाठी सरकारकडे रकाना नव्हता.

इथे या सगळ्या इतिहासाची खरी गोम आहे. उरणच्या संपादनात तीन गोष्टींची भरपाई झाली किंवा निदान तिचं वचन दिलं गेलं: जमिनीला पैसे, घराला जागा, एका मुलाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला आणि त्यावर नोकरी. तिन्ही पुरुषाच्या हातात पडल्या. बाईची गेलेली गोष्ट चौथी होती, ती म्हणजे रोजचं काम. लावणी, कापणी, मिठाची टोपली, चिंबोऱ्या, सरपण, गोठ्यातली म्हैस, बाजारातली जागा. या कामाने तिला चार पैसे मिळायचे आणि घरात शब्द मिळायचा. जमीन गेली तेव्हा काम गेलं आणि शब्दाचंही वजन उतरलं. पैसा आला, त्यात घरं पक्की झाली, गाड्या आल्या, लग्नाच्या हळदी मोठ्या झाल्या. कुठे भाऊबंदकी कोर्टात गेली, कुठे पैसा आला तसा गेला. ज्या घरांत तो टिकला तिथे बहुधा एखादी म्हातारी होती. तिने मोबदल्याच्या पहिल्याच हप्त्याला हात आवळला, पोरांच्या शिक्षणाला वाटा काढला, सोनं मोडू दिलं नाही. कायद्याने तिला हक्क दिला नव्हता. पन्नास वर्षं घर चालवल्याचा अधिकार तिने वापरला.

मुलींना वडिलार्जित मिळकतीत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशभर २००५ साली. तोवर उरणच्या बहुतेक जमिनींचे व्यवहार होऊन गेले होते. आता साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर बहिणींच्या सह्या लागतात. हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलेल्या बहिणीला अनेक घरांत आपण वारस होतो हे त्याच दिवशी पहिल्यांदा कळतं.

नव्वदीनंतर

फेब्रुवारी २०१८ मध्ये घारापुरीत वीज पोचली. जगभरचे प्रवासी जी लेणी बघायला येतात, त्या उरण तालुक्यातल्या बेटावरच्या बायकांनी स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं रात्रीचा स्वयंपाक दिव्याच्या किंवा ठराविक तास चालणाऱ्या जनरेटरच्या उजेडात केला. समोर मुंबईचा झगमगाट दिसत होता.

१२ जानेवारी २०२४ हा उरणच्या इतिहासातला मोठा दिवस. त्या एकाच दिवशी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचं उद्घाटन झालं आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली. सेतू सुमारे २१.८ किलोमीटरचा आहे आणि त्याचं इकडचं टोक चिर्ल्याला उतरतं, म्हणजे १९८४ च्या हुतात्मा नामदेव घरतांच्या गावात. मुंबईला जाण्यासाठी भरती-ओहोटी बघणाऱ्या बाईच्या हयातीत मुंबई वीस-पंचवीस मिनिटांवर आली.

त्याच वर्षी सरकारने आणखी एक निर्णय घेतला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. चौऱ्याण्णव वर्षांच्या आजीची पणतवंडं-खापरपणतवंडं आईचं नाव घेऊन शाळेत जातील. तिच्या स्वतःच्या आईचं नाव मात्र घरात आज कुणाला सांगता येईल, याची खात्री नाही.

उरणचा गेल्या शतकाचा इतिहास आपण सत्याग्रहांचा आणि प्रकल्पांचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेही. पण तो फक्त जमिनीचा इतिहास म्हणून सांगितला तर अर्धाच सांगून होतो. खारेपाट, मिठागर आणि खाडी या तिन्हींवर चालणारं एक जगणं होतं. ते बायकांनी उभं धरलं होतं आणि ते नाहीसं होताना त्याची नुकसानभरपाई कुणी मागितलीही नाही. दि. बां.च्या लढ्याची थोरवी याने कमी होत नाही. त्या लढ्यात मांडायचं राहून गेलेलं हे कलम आहे, एवढंच.

म्हणून उरणच्या वाचकांना एक विनंती. घरात, शेजारात, आजोळी नव्वदीच्या आसपासची बाई असेल, तर तिच्याजवळ बसा आणि फोनवर तिचा आवाज भरून घ्या. सुरुवातीला तारीख आणि गाव सांगा. तिचं पूर्ण नाव विचारा, माहेरचं नाव विचारा, तिच्या आईचं नाव विचारा. शेताचं नाव काय होतं, मिठागरात मजुरी किती मिळायची, खाडीत कुठे काय सापडायचं, ८४ साली ती कुठे उभी होती, पहिल्या हप्त्याचं काय झालं, हे विचारा. धवले येत असतील तर सगळे म्हणवून घ्या. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी हे ध्वनिमुद्रण गावाच्या नावाने एकत्र ठेवावं. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही, फक्त एक दुपार लागते. हे सांगू शकणाऱ्या बायका आता प्रत्येक गावात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.